सिझरनंतर शौचाला होत नाही? दिवस मोजू नका, पोट बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. पत्नीचं सिझर होऊन आज पाचवा दिवस, कालच तिला डिचोलीला माहेरी आणलंय. वारा सरतो, पण ऑपरेशनपासून शौचाला एकदाही झालेलं नाही. पोट जड वाटतं, जेवण नको म्हणते. सासूबाई पेजेशिवाय काही देत नाहीत, शेजारच्या वहिनी एरंडेल सुचवतात, फार्मसीवाला एनिमाची बाटली देतो म्हणाला, आणि टाके तुटतील या भीतीने ती शौचाला बसायलाच तयार नाही. यातलं नेमकं काय करायचं?

मी प्रसूतीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून एकतीस वर्षं काढली, सगळी गोव्यातच. शेवटची काही वर्षं इन-चार्ज. त्यामुळे मी सांगते तो वॉर्डातला हिशेब. औषध कोणतं आणि किती, हे तिचं ऑपरेशन ज्यांनी केलं त्या डॉक्टरांना फोनवर विचारूनच ठरवा.

प्रश्न ‘शौचाला का होत नाही’ असा आलाय, पण वॉर्डात आमचा पहिला प्रश्न तो नसतो. आम्ही विचारतो, वारा सरतो का, उलटी आहे का, पोट मऊ आहे का, भूक लागते का. या चारांची उत्तरं बरी असतील तर शौच चौथ्या दिवशी झालं काय नि सहाव्या दिवशी झालं काय, कोणी धावपळ करत नाही. उत्तरं बरी नसतील तर शौच झालेलं असूनसुद्धा रात्री डॉक्टरांना उठवतो.

म्हणून तुमची ‘जेवण नको म्हणते’ ही ओळ मी दोनदा वाचली. नको म्हणजे कसं नको? पाच दिवस पेज खाऊन कंटाळा आला म्हणून, बाळाने रात्रभर जागवलं म्हणून, की खाल्लं तर शौचाला जावं लागेल या धास्तीने? ही तिन्ही कारणं घरात सुटतात. पण मळमळतंय, दोन घास गेले की गळ्याशी येतं, म्हणून नको असेल तर बाकीचं वाचण्याआधी डॉक्टरांना फोन लावा.

आता उठून एवढं बघा. तिला उताणं झोपवा, गुडघे वाकवून, पट्टा बांधला असेल तर सोडून. बेंबीच्या वर, टाक्यांपासून लांब, तळहात सपाट ठेवा. मळून झाकून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ लागलं तर बरं. ढोलकीच्या पानासारखं ताणलेलं, टिचकी मारली की पोकळ वाजणारं आणि नुसत्या हाताने दुखणारं पोट बरं नाही. बेंबीच्या खाली मात्र एक घट्ट गोळा लागेल, त्याला घाबरू नका. ते गर्भाशय. बाळंतपणानंतर ते साधारण बेंबीपाशी असतं आणि रोज बोटभर खाली उतरतं, दहा-चौदा दिवसांनी वरून हाताला लागत नाही. ‘बाळ झालं तरी पोट पाच महिन्यांचं दिसतं, गॅस भरलाय’ म्हणून काळजीत पडलेल्या कितीतरी आया मी पाहिल्यात. निम्म्या वेळा तो गॅस नसून गर्भाशयच असायचं. काही वेळा तुंबलेली लघवीची पिशवीही असते. नळी काढल्यावर लघवी नीट होत नसेल, थेंब थेंब होत असेल, तर तेही कळवा.

पोट फुगतंय की उतरतंय हे डोळ्यांनी कळत नाही, त्यासाठी आमच्याकडे शिंप्याची टेप असायची. बेंबीच्या रेषेत दोन्ही कुशींवर बॉलपेनने एकेक टिंब काढायचं, म्हणजे टेप दर वेळी त्याच जागी बसते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा माप घ्यायचं आणि कागदावर लिहायचं. उतरत असेल किंवा तेवढंच असेल तर ठीक. सकाळपेक्षा संध्याकाळी दोन-तीन सेंटिमीटर वाढलं आणि दुखणंही वाढलं, तर तो कागद घेऊन इस्पितळात जायचं.

हे एवढं लांबवून सांगते त्याला एक कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या रात्रपाळीला एक बाळंतीण होती, सिझरचा तिसरा दिवस. पोट फुगलेलं, पण थोडं थोडं पातळ शौच तीन-चारदा झालं होतं, त्यामुळे तिची आई निर्धास्त. मीही नोंदवहीत ‘शौचास झाले’ असं लिहून पुढच्या खाटेकडे गेले. पहाटे नाडी बघितली तर १२०. उजव्या बाजूला खाली हात लावू देईना. एक्स-रेमध्ये मोठं आतडं टायरच्या ट्यूबसारखं फुगलेलं. याला ऑगिल्वी सिंड्रोम म्हणतात. ऑगिल्वी या ब्रिटिश सर्जनने १९४८ साली याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. आतड्यात अडथळा कुठेच नसतो, पण मोठं आतडं अडथळा असल्यासारखं फुगत जातं. सगळ्यात जास्त ताण येतो तो उजवीकडच्या, मोठं आतडं सुरू होतं त्या टोकावर. त्याची रुंदी नऊ सेंटिमीटरच्या पुढे गेली की डॉक्टर सावध होतात, बाराच्या पुढे फुटण्याची भीती. तिचं खाणं-पिणं बंद केलं, नाकातून नळी घातली, रक्तातलं पोटॅशियम कमी होतं ते भरलं आणि तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथे हृदयाच्या मॉनिटरवर लक्ष ठेवून निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं, त्याने गॅस निघाला, पोट उतरलं. ती बरी होऊन घरी गेली. नोंदवहीतली माझी ती ओळ अजून डोळ्यांसमोर येते.

हा आजार क्वचितच होतो, हेही लगेच सांगते. पण ज्या ऑपरेशनांनंतर तो होतो त्यांत सिझरचं नाव ठळक आहे, आणि थोडा वारा किंवा पातळ शौच होत असल्याने तो नाही असं म्हणता येत नाही. अशा पोटात एनिमा, एरंडेल किंवा लॅक्ट्युलोजसारखं गोड रेचक गेलं तर दुखणं वाढतं. तेव्हा पोट वाढतं फुगणं, हिरवट किंवा पुन्हा पुन्हा उलट्या, दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढणारं दुखणं, आधी सरणारा वारा बंद होणं, १००.४ च्या वर ताप, स्वस्थ पडलेली असताना नाडी शंभराच्या वर, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपाय एकही नको. जिथे सिझर झालं तिथे जा. ते लांब असेल तर १०८ बोलवा. डिचोलीहून म्हापशाचं जिल्हा इस्पितळ आहे, पुढे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे.

तुमच्या लिहिण्यावरून असं काही दिसत नाही. वारा सरतोय, उलटीचा उल्लेख नाही. तेव्हा आता नेहमीच्या गोष्टीकडे वळू, जी बहुतेक घरांत घडते. आणि ही घरं थोडी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली जवळजवळ चाळीस टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसतात. देशाचा आकडा साडेएकवीसच्या आसपास.

मी १९९३ साली लागले तेव्हा नियम एकच होता, वारा सरल्याशिवाय तोंडात काही नाही. सकाळच्या राऊंडला डॉक्टर प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारायचे, “वारा सरला?” बायका लाजून मान हलवायच्या. काही जणी भुकेपोटी खोटंच हो म्हणायच्या. आम्हाला कळायचं, आम्ही कळलं नाही असं दाखवायचो. माझं स्वतःचं सिझर १९९८ चं. तिसऱ्या दिवशी सकाळी अर्धा कप बिनदुधाचा चहा मिळाला, आणि तोही मी ड्युटीवरच्या मैत्रिणीशी भांडून मिळवला होता.

त्या नियमामागचा विचार असा, की ऑपरेशनने आतडं झोपतं, झोपलेल्या आतड्यावर अन्न टाकलं तर उलटून येतं. तो विचार खोटा नव्हता. फक्त आतडं आम्हाला वाटायचं तेवढा वेळ झोपत नव्हतं. पोटाच्या ऑपरेशननंतर लहान आतडं काही तासांतच हलायला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि सगळ्यात शेवटी, दोन-तीन दिवसांनी, मोठं आतडं जागं होतं. सिझरमध्ये तर आतड्यांना सहसा फारसा हात लागत नाही. गर्भाशय पुढे असतं, आतडी वर आणि मागे सरकलेली असतात. त्यामुळे बहुतेकींची गाडी याहूनही लवकर सुरू होते. वारा आणि शौच या मोठ्या आतड्याच्या गोष्टी. तेवढ्यासाठी जठराला उपाशी ठेवण्यात अर्थ नव्हता. उलट तोंडात घास फिरला, जठर भरलं, की मोठ्या आतड्याला आपोआप हलण्याचा इशारा जातो. सकाळचा चहा प्यायल्यावर शौचाची भावना होते ती याचमुळे.

आता चित्र पार बदललंय. ऑपरेशननंतर माणूस लवकर सावरावा यासाठी काम करणारी एरास सोसायटी नावाची डॉक्टरांची संस्था आहे, तिच्या २०१९ साली आलेल्या सिझरविषयीच्या सूचना तर सिझरनंतर दोन तासांच्या आत नेहमीचा आहार सुरू करावा असं सांगतात. आपल्या वॉर्डांत एवढी घाई सहसा होत नाही. काही तासांनी घोट घोट पाणी, मग चहा, पेज आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मऊ भात, असं चालतं. पण हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. पूर्ण भूल दिली असेल, रक्त खूप गेलं असेल, आधीच्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटलेली असतील आणि ती सोडवावी लागली असतील, किंवा बीपी वाढल्यामुळे मॅग्नेशियमचं इंजेक्शन चालू असेल, तर आतडं जास्त वेळ घेतं आणि डॉक्टर सावकाश जातात. तुमच्या पत्नीच्या बाबतीत यातलं काही होतं का, हे डिस्चार्जच्या कागदावर बघा.

मग पाचव्या दिवशी अडलंय कुठे? माझ्या मते ऑपरेशनमध्ये नाही. एक तर मोजून बघा, ऑपरेशनच्या आधी उपास, त्याआधी कळा चालू असतील तर तेव्हाही खाणं नाही, मग एक दिवस पाणी-चहा, मग पेज. भाताच्या पातळ पेजेतून मागे उरतं काय? शौच तयार व्हायला पोटात काहीतरी जायला हवं. चौथ्या दिवसापर्यंत काही झालं नाही म्हणजे आतडं बंद पडलं असं नव्हे, बऱ्याचदा बाहेर पडण्यासारखं काही नसतं. दुसरं म्हणजे गोळ्या. आणि तिसरी ती भीती, जिच्याबद्दल पुढे सांगते.

गोळ्यांची पिशवी समोर घ्या. दुखण्यासाठी ट्रामाडोल लिहिलंय का बघा, एकटं असेल किंवा पॅरासिटामोलबरोबर एकाच गोळीत असेल. ते अफूच्या जातीतलं, दुखणं मारतं तसं आतडंही सुस्त करतं. अंगावर पाजणाऱ्या आईला ते देताना बाळ जास्त झोपाळू होत नाही ना हेही बघावं लागतं. नुसतं पॅरासिटामोल, किंवा त्याच्या जोडीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, एवढ्यावर भागत असेल तर आतड्यासाठी बरं. पण हा बदल डॉक्टरांना विचारून, कारण बीपी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही दुसरी औषधं चालत नाहीत. दुखणं सोसत बसणं हा मात्र उपाय नाही. दुखतं म्हणून ती हलणार नाही, हलली नाही की पोट आणखी जड. उलटीसाठी दिलेलं ऑन्डान्सेट्रॉनही शौच घट्ट करतं. उलट्या थांबल्या असतील तर ते चालू ठेवायचं कारण नसतं. आणि लोह-कॅल्शियम. आयर्नची गोळी बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायची असते, ती सोडू नका. पण पोट अगदीच अडलेलं असेल तर ती दोन-चार दिवस उशिरा सुरू करायची की एक दिवसाआड घ्यायची, हे डॉक्टर सांगतील. त्यांना विचारायचं सोडून बायका गोळी गुपचूप कचऱ्यात टाकतात, आणि मग दीड महिन्यानी हिमोग्लोबिन आठवर. आयर्न आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, कॅल्शियममुळे लोह कमी शोषलं जातं.

आता सासूबाईंची पेज. पेजेला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड, याच्याइतका पहिल्या दिवसाला सोपा आहार नाही. पाणी, मीठ आणि ताकद एका वाटीत. चूक पेजेत नाही, पाच दिवस फक्त पेज देण्यात आहे. पेज तशीच राहू द्या आणि तिच्या बाजूला एकेक गोष्ट वाढवा, म्हणजे सासूबाईंचा मानही राहतो. सकाळी पोई द्या, साधा पाव नको. पोईत कोंडा असतो. दुपारी भाताबरोबर तांबडी भाजी, मुगाचं कढण. संध्याकाळी नाचणीचं सत्त्व. पिकलेलं केळं, पिकलेली पपई, चिकू, जे बाजारात असेल ते. पपई उष्ण, केळं थंड, हे ऐकावं लागेल, ऐकून घ्या आणि फोडी पुढे करा. मासळीने टाके पिकतात हेही खरं नाही. कमी तिखटाचं हुमण चालतं. आईने कडधान्य खाल्लं तर तिच्या पोटात गॅस होईल, तो दुधातून बाळाकडे जात नाही. तरी अळसांद्यांची भाजी पहिल्या आठवड्यात मीही खाऊ घालणार नाही, कारण तिचं स्वतःचं पोट आधीच जड आहे. डिंकाचे लाडू एकदम तीन-चार नकोत. तूप आणि सुकामेवा जड पडतो, पाणी पोटात नसेल तर आणखी अडतं.

पाण्याबद्दल एक गोष्ट. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, ही पद्धत काही घरांत अजून आहे. दूध यायला लागलं की रोजचं अर्धा-पाऊण लिटर पाणी त्यातूनच जातं. ते भरून आलं नाही तर शरीर मोठ्या आतड्यातलं पाणी ओढून घेतं आणि शौचाचा खडा होतो. प्रत्येक वेळी बाळाला घ्यायच्या आधी एक भांडं पाणी, एवढं पुरे. लघवी फिकट राहिली की झालं. त्याहून जास्त, तांब्यावर तांब्या पाणी प्यायल्याने शौच अधिक लवकर होत नाही.

वारा, चालणं, च्युइंग गम याबद्दल लोक खूप विचारतात, म्हणून थोडक्यात. सिझरनंतर च्युइंग गम चघळणाऱ्या बायकांवरच्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१६ साली आढावा घेतला, त्यात वारा सरासरी सात-एक तास आधी सरलेला दिसला. जेवणाचा आभास होतो, तोंडातून आतड्याला निरोप जातो. पण खरं जेवणच वेळेवर सुरू झालं असेल तर गमची फारशी गरज उरत नाही, आणि पाचव्या दिवशी तर नाहीच. चालण्याबद्दल मी वर्षानुवर्षं सांगत आले की चाला म्हणजे पोट हलेल. खरं सांगायचं तर नुसत्या चालण्याने आतडं लवकर जागं होतं याचा पुरावा तोकडा आहे. तरी चालायलाच हवं, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते लागतंच, आणि अडकलेला वारा कूस बदलल्याने, उठल्या-बसल्याने सुटतो. खांद्यात कळ येत असेल तर तीही बऱ्याचदा पोटात राहिलेल्या हवेची. छाती आणि पोटामधल्या पडद्याला ती टोचते आणि दुखणं खांद्यावर जाणवतं, दोन-तीन दिवसांत जातं. खांदेदुखीबरोबर धाप लागत असेल तर मात्र ती हवा समजून बसू नका. पोटाचा पट्टा उठताना-चालताना आधाराला चांगला, शौचासाठी त्याचा उपयोग नाही. झोपताना आणि जेवताना सैल करा. खाटेखाली शेगडी नको. ताजी जखम आणि निखारे यांची गाठ घालू नये.

आता भीती. माझ्या मते तुमच्याकडे खरा अडसर हाच आहे. टाके म्हणजे चामडीवर दिसते तेवढी एक शिवण नव्हे. आत गर्भाशय वेगळं शिवलेलं असतं, त्याच्या वर स्नायूंवरचं जाड पांढरं आवरण वेगळ्या भक्कम धाग्याने शिवलेलं असतं, मग चरबी, मग चामडी. ताण घेतं ते मधलं आवरण, आणि त्याचा धागा कित्येक आठवडे जोर धरून असतो. शौचाच्या साध्या जोराने ते उसवत नाही. खोकल्याने, शिंकेने पोटावर येणारा झटका त्याहून मोठा असतो, आणि ती पाच दिवस शिंकलीच असेल. हे तिला असंच सांगा. आमच्या वॉर्डात मी बायकांना शिंकेचं उदाहरण द्यायचे तेव्हा त्यांना हसू यायचं, आणि हसलं की टाक्यात दुखायचं, मग “बघ, तरी तुटले नाहीत” म्हणायचं.

जोर लागूच नये यासाठी बसणं महत्त्वाचं. उद्या सकाळी गरम चहा आणि काहीतरी खाणं, मग पंधरा-वीस मिनिटांनी, भावना असो नसो, तिला नेऊन बसवा. कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल किंवा देवघरातला पाट, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. पुढे वाकून कोपरं गुडघ्यांवर. घडी घातलेला टॉवेल टाक्यांवर एका हाताने हलकाच दाबून धरायचा. तोंड मिटून श्वास कोंडायचा नाही. गरम चहावर फुंकर घालतो तशी लांब फुंकर सोडत पोट बाहेर ढकलायचं. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, परत संध्याकाळी. जमिनीवरचा संडास असेल तर बसण्याची पद्धत उत्तमच आहे, अडचण उठण्याची. समोर घट्ट खुर्ची ठेवा, किंवा तुम्ही दाराशी हात द्यायला उभे राहा. जुन्या घरात संडास मागीलदारी असेल तर पायऱ्यांवर तिला एकटीला सोडू नका. आणि भावना आली की बाळ रडत असलं तरी जायचं. बाळ पाच मिनिटं आजीकडे रडू दे. भावना दाबली की आतडं पाणी शोषत राहतं आणि पुढची खेप आणखी कठीण होते.

औषधांचं म्हणाल तर एरंडेल नको. मुरडा येतो, जुलाब होतात, आणि अशक्त बाळंतिणीचं पाणी जातं. एनिमाही स्वतःहून नको. तो आम्हीसुद्धा तपासल्यावरच देतो. पोट मऊ असेल, वारा सरत असेल, तर डॉक्टर बहुधा रात्री लॅक्ट्युलोजचं सिरप सांगतील. त्याचा परिणाम यायला एक-दोन दिवस लागतात, आणि सुरुवातीला गॅस वाढतो, तेवढं धरून चाला. ते आतड्यातून अंगात जवळजवळ जात नाही, त्यामुळे अंगावर पाजायला हरकत नसते. खडा अगदी गुदद्वाराच्या तोंडाशी येऊन अडला असेल तर ग्लिसरिनची किंवा बिसाकोडिलची बत्ती, म्हणजे तिथून आत सरकवायची गोळी, तासाभरात काम करते. तिथे वरून रेचक देण्यात अर्थ नसतो. इसबगोल चांगलं, पण पोट उतरल्यावर आणि दर खेपेला भरलेल्या ग्लासभर पाण्याबरोबर. पाण्याशिवाय घेतलेलं इसबगोल आतच फुगून बसतं.

पहिलं शौच घट्ट असेल, थोडं लालही लागेल. बाळंतपणात मूळव्याध उतरलेली असते किंवा चीर पडलेली असते. टबात कोमट पाण्यात बसायची घाई करू नका, टाके ओले राहण्याची भीती असते. मगाने कोमट पाणी घेऊन धुतलं आणि टाक्यांची जागा कोरडी ठेवली की पुरे. रक्त प्रत्येक वेळी येत असेल तर तपासणीला जाल तेव्हा सांगा.

औषध सुरू करून दोन दिवसांत काही झालं नाही तर फोनवर न थांबता तिला दाखवून आणा, पोट मऊ असलं तरी. टेपच्या मापांचा कागद बरोबर न्या. ड्युटीवरच्या सिस्टरला तो बघून बरं वाटेल, हे मी खात्रीने सांगते. आणि आयर्न सुरू असताना शौच काळपट-हिरवं दिसेल, ते गोळीचं असतं. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर तो रंग गोळीचा नव्हे, त्याच दिवशी दाखवा.